मोजणी फी भरताना या चुका टाळा

जमीन मोजणीचा अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कमीत कमी किती लागतील?" मोजणी कसली करायचीय, असं विचारलं की गप्प.

माझा चुलतभाऊ त्यातलाच. सामाईक गटातले ३० गुंठे घ्यायचे ठरले, साठेखत म्हणजे विक्रीचा करार झाला, इसार दिला. खरेदीखताला दीड महिना, म्हणून घाईघाईत द्रुतगतीचे, म्हणजे लवकरच्या मोजणीचे ८,००० भरले. प्रकार निवडला 'हद्द कायम', म्हणजे फक्त गटाच्या बाहेरच्या हद्दी. मला विचारायची गरज वाटली नाही. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने रोव्हर (उपग्रहावर चालणारं मोजणी यंत्र) लावून गटाच्या हद्दी दाखवल्या, आम्ही मागून चुना टाकत फिरलो. मग भाऊ म्हणतो, "साहेब, आता माझे ३० गुंठे दाखवा." साहेबांनी नकाशाच पुढे धरला. गटाच्या आत एकही रेघ नाही! सातबाऱ्यावर चार नावं, पण कोण कुठे हे कागदावर नाहीच. त्याला पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातला एकेकाचा वाटा वेगळा मोजणं लागतं आणि बाकीच्या सहधारकांची संमतीही. त्यातला एक तर फोनच उचलेना.

म्हणून मी आधी सातबारा बघतो, नावं मोजतो, मगच लॉगिन करतो.

फीचं म्हणाल तर साधी, तातडी, अति तातडी हे जुने प्रकार २०२४च्या अखेरीस गेले. आता नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत २,००० आणि ८,०००. पालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,०००. चौपट पैसे भरून नंबर लवकर लागतो, भावकी लवकर ऐकत नाही.

"२०० रुपयांत होते ना?" हे आता रोज ऐकतो. ती सवलत एकत्र कुटुंबाच्या वाटणीतल्या पोटहिश्श्यांना आहे, तुमच्या खरेदीला नाही.

अर्ज खातेदाराच्या नावानेच जातो. इसार दिला म्हणून घेणारा खातेदार होत नाही. फी कोण भरणार, हे साठेखतातच लिहून घ्या. तोंडी "बघू नंतर" म्हणणारे नंतर बघत नाहीत.

उभ्या उसात मोजणी लावू नका.

आणि चुन्याचे फोटो काढून खरेदीखताला पळू नका. पहिल्या पावसात चुना जातो. मोजणी नकाशाची सही-शिक्क्याची 'क' प्रत हातात येईपर्यंत मी तरी कुणाला उरलेली रक्कम देऊ देत नाही. भावालाही देऊ दिली नाही, तो अजून माझ्यावर रुसलाय.