गडचिरोलीचं जंगल उपग्रहातून बघण्याआधी

हवामानबदल आणि जंगलावर जगणारी गावं, असा विषय पीएचडीला घेतला असेल तर लँडसॅट उपग्रहांची चित्रं उतरवण्याआधी थोडं थांबा. २००८ पासून ती फुकट मिळतात, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. मीही फसले.

गडचिरोलीचं जंगल पानगळीचं. नोव्हेंबरात हिरवंगार, मार्चमध्ये उपग्रहाला बराच भाग उघडा दिसतो. एका वर्षाचा नोव्हेंबर आणि दुसऱ्याचा मार्च शेजारी ठेवला की 'वनऱ्हास' आपोआप सिद्ध! पावसाळ्यात ढग असतात, म्हणून मिळेल ते चित्र उचललं जातं. महिना जुळवला तरी सुटका नाही, कारण पाऊस रेंगाळला की पानगळही लांबते. वर्षभराची मालिकाच लावा. त्यात काळे पट्टे दिसतील. तो दुष्काळ समजू नका. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. बांबू फुलोऱ्यावर आला की बेटंच्या बेटं वाळतात, मग पाऊस कितीही झालेला असो. हे सगळं तापमानवाढीच्या खात्यावर टाकलं की प्रबंध देखणा होतो, पण खोटा.

तयार कोड वापरा, माझी हरकत नाही. तो कुठल्या महिन्याची चित्रं उचलतो ते मात्र बघा. मार्गदर्शक निवडताना शोधनिबंध नंतर मोजा. एप्रिलच्या उन्हात जंगल तुडवलेला माणूस आधी शोधा.

गावात जाताना फक्त वनविभागाचं पत्र दाखवून भागत नाही. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क. अशा गावांत ग्रामसभेपुढे विषय मांडा, ते उलटे प्रश्न विचारतील, विचारू द्या. तेंदूच्या हंगामात प्रश्नावली नेऊ नका, पुडके बांधणाऱ्या हातांना वेळ नसतो. आणि "हवामानामुळे मोह कमी झाला का?" असं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला 'हो' म्हणतील. यंदा मोह कधी पडायला लागला, कुठल्या झाडाखाली कमी पडला, असं विचारा.

पहिल्या हंगामात हाती फार लागत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. हवामान खात्याच्या ०.२५ अंशाच्या पाऊस-जाळीत, म्हणजे नकाशावरच्या चौकटींनुसार दिलेल्या पावसाच्या आकड्यांत, एक चौकट पंचवीसेक किलोमीटरची असते, त्यातली सगळी गावं कागदावर सारखीच भिजतात. ग्रामसभेला विचारून शाळेत एक साधं पर्जन्यमापक बसवा. त्याला अनुदानाची वाट बघावी लागत नाही.