२१ गिअरचे ७ गिअर कसे करावेत

दर रविवारी भाची सायकल घेऊन दारात. "मामा, चेन परत उतरली." कधी सात रस्ता चौकात, कधी विजापूर रोडवर भर ट्रॅफिकमध्ये. हात काळे, ओढणीला ग्रीस. दुकानदाराने तीनदा 'सेटिंग' करून दिलं, तिन्ही वेळा आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. चौथ्यांदा ती म्हणाली, "मामा, सायकलला एकच गिअर नसतंय का?" एकच नाही, पण सात नक्की करता येतात. आणि सोलापूरच्या सपाट रस्त्यांना सात पुरून उरतात.

आधी एक हिशेब करू, म्हणजे उरलेले १४ गिअर सोडताना जीव हळहळणार नाही. नवशिक्यांच्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, पुढे तीन चकत्या असतात, बहुतेक वेळा ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या. मागच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे चाकावरच्या दात्यांच्या संचावर, सात चकत्या, १४ पासून २८ दात्यांपर्यंत. तीन साते एकवीस, म्हणून डब्यावर '२१ स्पीड'. हँडलवरचा डावा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायची कळ, पुढच्या चकत्यांचा आणि उजवा मागच्यांचा; पुढे ३ म्हणजे सगळ्यात मोठी, मागे ७ म्हणजे सगळ्यात लहान. आता पुढचे दाते भागिले मागचे दाते करा; पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तितके फेरे मारतं. डावा ३ आणि उजवा २ म्हणजे ४२ भागिले २४, पावणेदोन. डावा २, उजवा ४ म्हणजे ३४ भागिले २०, १.७. डावा १, उजवा ७ म्हणजे २४ भागिले १४, तेही १.७ च्या आसपास. तीन वेगळे गिअर, पायाला जोर मात्र सारखाच. २१ मधले बरेच गिअर असे एकमेकांची नक्कल आहेत. फक्त मधली चकती ठेवली तर वरचे दोन जड आणि खालचे तीन हलके गिअर खऱ्या अर्थाने जातात, बाकी सगळं हातात राहतं. मधली चकती आणि मागे ७ नंबर, २६ इंची चाक, पॅडल मिनिटाला ७० फेरे: ताशी २१ किलोमीटरच्या पुढे जाता. होटगी रोडला याहून जोरात जायचं असेल तर तुम्ही नवशिके राहिला नाहीत.

आधी आठवडाभर काही खोलू नका

डावा शिफ्टर २ वर ठेवा आणि त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारा. बस. आठवडाभर फक्त उजव्या हाताने चालवा. अर्ध्या लोकांचं काम इथेच संपतं आणि पाना-पक्कड काढायची वेळच येत नाही. टेप काढून डावा गिअर बदलावा असं एकदाही वाटलं नाही, तर पुढे वाचा.

चेन धुवा

घाण चेनवर केलेलं सेटिंग म्हणजे चिखलात रांगोळी. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात काळी माती, दोन्ही तेलाला चिकटून कणकेसारखा लगदा होतो. जुन्या ब्रशने थोड्या डिझेलने घासा, फडक्याने कोरडी करा, मग प्रत्येक कडीवर मशीन ऑइलचा एकच थेंब. पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. खोबरेल नको आणि गाडीचं जळकं ऑइल तर नकोच.

पुढचा डिरेलर जागेवर जखडा

सायकल उलटी करू नका. उलट्या सायकलवर वरचं-खालचं डोक्यात उलटं होतं आणि बेलही मोडते. खिडकीच्या गजाला दोरी बांधून सीट टांगा, मागचं चाक चार बोटं उचललं की पुरे.

डावा शिफ्टर १ वर आणा. पुढच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर, वायर आवळणारा बोल्ट असतो, तो सैल करून वायर मोकळी करा. स्प्रिंगमुळे डिरेलरचा पिंजरा, म्हणजे ज्या दोन पत्र्यांमधून चेन जाते तो भाग, आत लहान चकतीकडे सरकेल. चेन हाताने मधल्या चकतीवर बसवा. डिरेलरवर दोन छोटे स्क्रू दिसतील, शेजारी एल आणि एच कोरलेलं. एलचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवा, पिंजरा हळूहळू बाहेर येईल. मधल्या चकतीच्या बरोबर वर आला की थांबा. पॅडल फिरवत मागचा गिअर १ वर न्या, मग ७ वर. दोन्ही टोकांना चेन पत्र्याला घासायला नको. घासली तर पाव-पाव फेरा इकडे-तिकडे. काही सायकलींवर हा स्क्रू तेवढा पोचत नाही. तसं झालं तर वायर परत जोडा, शिफ्टर २ वर ठेवा आणि टेप कायमची लावून टाका. दिसायला बावळट, चालायला पक्कं.

डिरेलर काढूनच टाकायचा मोह होतो. मीही आधी तेच केलं, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला चेन खाली. कारण साधं आहे. तीन चकत्यांच्या संचातले दाते चेन सहज सुटावी म्हणूनच घडवलेले असतात, काही ठेंगणे, काही तिरके. नाहीतर गिअर बदलणारच नाही. एकाच चकतीच्या महाग सायकलींना एक दाता जाड, एक बारीक अशी रचना असते, त्यामुळे चेन धरून राहते. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये अशी चकती बाजारात आणली, तेव्हापासून ती पद्धत रुळली. आपल्या सायकलला ते दाते नाहीत, म्हणून जखडलेला पिंजराच चेनचा राखणदार. बाहेरची मोठी चकतीही राहू द्या. बहुतेक ठिकाणी ती रिव्हेटने जोडलेली असते, निघत नाही, आणि ओढणी, पायजमा चेनमध्ये जाण्यापासून वाचवते.

डावा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच तुकड्यात असतील तर फक्त वायर ओढून काढा, शिफ्टरला हात लावू नका. वेगळे असतील तर हँडलची ग्रिप साबणाचं पाणी सोडून फिरवत काढा, मग शिफ्टर निघतो.

मागचा डिरेलर

खरी गोम इथे असते. उजवा शिफ्टर ७ वर, म्हणजे चेन सगळ्यात लहान चकतीवर. मागे उकिडवे बसून बघा: डिरेलरचं वरचं छोटं चाक त्या चकतीच्या बरोबर खाली, एका रेषेत हवं. नसेल तर एचचा स्क्रू फिरवा. मग वायर सैल असेल तर ताणून बोल्ट आवळा.

आता पॅडल फिरवत एक खट्, ६ वर. चेन चढत नसेल, तर वायर जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला खाचांचा गोल नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा द्या. चढून शेजारच्या मोठ्या चकतीला खरखर घासत असेल तर घड्याळाच्या दिशेने. एकेक गिअर करत १ पर्यंत जा. १ वर असताना डिरेलर बोटाने आत चाकाकडे दाबून बघा. चेन स्पोककडे उडी मारू पाहत असेल तर एलचा स्क्रू लगेच आवळा. ती स्पोकमध्ये गेली तर डिरेलर, हँगर आणि स्पोक तिन्ही एकदम जातात.

इतकं करूनही मधले दोन गिअर ऐकत नसतील तर हँगर बघा. डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगर. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो आत वाकतो. भाचीच्या सायकलीचं मूळ दुखणं हेच निघालं. क्लासबाहेर एकाला एक टेकवून ठेवलेल्या सायकलींची रांग कोसळली होती, आणि तेव्हापासून कितीही स्क्रू फिरवले तरी व्यर्थ. मागून बघितलं तर काटकोन चुकलेला दिसतो. सरळ करून घ्या, नाहीतर नवा बसवा. ते तीनदाचं सेटिंग करणाऱ्याने एकदा खाली वाकून बघितलं असतं तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

चेन कापावी का?

४२ ऐवजी ३४ दात्यांवर चेन असेल तर ती साधारण चार कड्यांनी लांब ठरते. ७ नंबरवर ती लोंबत असेल तरच कापा, आणि त्याआधी तुळजापूरचा विचार करा. शहरात, अक्कलकोट रोडला, हिप्परगा तलावापर्यंत १.२ चा (३४ भागिले २८) सगळ्यात हलका गिअर भरपूर झाला. पण तुळजापूरच्या घाटात, सुमारे ४५ किलोमीटर तुडवून आल्यावर, तोच गिअर गुडघ्यांवर येतो. देवीला सायकलवर जायचंच असेल तर १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील बसवा. पुढे ३४, मागे ३४, एकास एक. डिरेलर ३४ दाते झेपणारा आहे ना, एवढं दुकानात आधी विचारून घ्या. त्या मोठ्या चकतीला चेनची लांबी लागते, म्हणून कापायचा निर्णय फ्रीव्हील ठरल्यावरच.

चालवताना एकच सवय लावा. सिग्नलला थांबण्याआधी, पॅडल हलकं फिरत असतानाच, २ वर या. थांबल्यावर गिअर बदलत नाही, आणि जोर लावून बदलला तर चेन कडाडते.

काढलेला शिफ्टर आणि वायर डब्यात घालून ठेवा. भाचीने उद्या सायकल विकायला काढली तर गिऱ्हाईक २१ मोजूनच घेतंय.