वजन उतरवताना ‘बसायचं’ असेल तर

शनिवारी मित्रांसोबत बसणार असाल, तर ग्लासाइतकंच चखण्याच्या ताटलीकडे लक्ष द्या. ६० मिली व्हिस्कीत साधारण १४० कॅलरी असतात. मूठभर तळलेले शेंगदाणे तेवढ्याच सहज देतात, आणि दोन घोट पोटात गेले की हात आवरत नाही. त्यात शरीर आधी अल्कोहोल जाळतं, चरबीचा नंबर नंतर. म्हणून जेवूनच बसा, नाहीतर फरसाणाऐवजी काकडी, उकडलेली अंडी, मोड आलेले मूग ठेवा. कोला नको, साधा सोडा किंवा पाणी घ्या. एका पेगवर थांबलात तर उत्तमच. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी प्यायल्यास साखर धोकादायकरीत्या घसरू शकते.