‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, पुढचा शब्द बघा

राजारामपुरीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला उद्यमनगरातली पोरं शिफ्ट सुटली की येतात. डिक्शनरीत ‘गेट’चे अर्थ बघितले की त्यांची तोंडं उतरतात. (फाटकाचं गेट वेगळं, ते जरा लांबवून म्हणायचं.) मी सांगते, ती यादी ठेवा बाजूला. आपल्याकडं भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. स्टँडवर एसटी लागते आणि आंबा घाटात तीच एसटी परत लागते. हे कुणी पाठ केलं होतं? मराठीत ‘लागणं’च्या मागं बघायचं, इंग्रजीत ‘गेट’च्या पुढं.

पुढं वस्तू असली तर मिळणं किंवा आणणं: ‘आय गॉट अ जॉब’, ‘गेट सम मिल्क’. विशेषण असलं तर होणं: ‘गेट वेट’, ‘गेट अँग्री’. ‘टू’ आणि ठिकाण असलं तर पोचणं: ‘वी गॉट टू पन्हाळा’. ‘होम’ला तेवढा ‘टू’ लावायचा नाही.

खरी मेख पुढंच आहे. सलूनमधनं आलेलं पोरगं सांगतं, ‘आय कट माय हेअर’. म्हणजे काय, आरशासमोर स्वतःच कात्री चालवली? ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणायचं. हे आपलं ‘करून घेणं’. आधी गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय गॉट माय बाइक सर्व्हिस्ड’. ‘गॉट सर्व्हिस्ड माय बाइक’ नाही. मधे माणूस आला की मात्र ‘टू’ आणि मूळ रूप: ‘आय गॉट द मेकॅनिक टू चेक द ब्रेक्स’. इथं त्याला गोड बोलून करायला लावलं. दटावून लावलं असेल तर ‘मेड’ वापरा, आणि मग ‘टू’ नको.

केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, चढताना ‘गेट ऑन’, उतरताना ‘गेट ऑफ’. रिक्षात ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आत उभं राहून चालता येतं किंवा टांग टाकून बसायचं असतं, त्याला ऑन-ऑफ. ‘गेट डाउन’ आपल्याकडं खपतं, इंग्लंडात बसमधनं उतरायला ‘गेट ऑफ’च म्हणतात.

मित्राला ‘आय गॉट युअर लेटर’ लिहा, कंपनीला ‘आय रिसीव्ह्ड’. आणि अमेरिकन गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये ‘गॉटन’ दिसलं तर दुरुस्त करायला जाऊ नका, त्यांच्याकडं ते तिसरं रूप आहे. ‘हॅव गॉट’ म्हणजे माझ्याकडं आहे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालंय.