खान्देशातून देवयानी दीर्घिकेचा फोटो कसा काढावा: जुना कॅमेरा, ट्रॅकर आणि सिरिल

दिवाळी सरते, फटाक्यांचा धूर खाली बसतो, शेतात कापूस वेचणी सुरू होते आणि खान्देशातलं आकाश धुतल्यासारखं स्वच्छ दिसू लागतं. कार्तिक अमावास्येच्या आसपास रात्री नऊ-सव्वानऊला देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, डोक्यावरून जराशी उत्तरेला, क्षितिजापासून ७० अंशांवर येते. अंधाऱ्या शेतात उभं राहिलं तर नुसत्या डोळ्यांनाही ती पुसट डागासारखी दिसते. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड आपण बघत असतो. तो कॅमेऱ्यात कसा गोळा करायचा आणि मग कॉम्प्युटरवर सिरिल या फुकट सॉफ्टवेअरने त्यातून दीर्घिका कशी उलगडायची, ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. इथे मोठं करून बघण्यापेक्षा जास्त वेळ उजेड गोळा करणं महत्त्वाचं. देवयानी आकाशात सुमारे ३ अंश लांब आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ साली २० इंची दुर्बिणीने काचेच्या प्लेटवर तिचा फोटो घेतला आणि तिचे वळसे पहिल्यांदा नीट दिसले, तेही तासन्‌तास उजेड साठवूनच. आपल्याकडे प्लेटऐवजी सेन्सर आहे. वेळ मात्र आजही द्यावा लागतो.

सामान

जुना डीएसएलआर पुरतो, सेकंडहँड चालतो. हातात मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल (सेन्सरवरची कच्ची, न दाबलेली फाइल) मिळाली की झालं. लेन्स ८५ ते १३५ मिलिमीटरची, स्थिर फोकल लांबीची घ्या. १३५ मिलिमीटरची लेन्स आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर असेल तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचे साधारण ६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतात, आणि देवयानी फोटोत सतराशे-साडेसतराशे पिक्सेल लांब येते. पहिल्या फोटोला याहून जास्त काही लागत नाही. चंद्र आणि शनी दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीला कॅमेरा जोडण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तिचा हलका स्टँड कॅमेऱ्याचं वजन पेलत नाही आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ती फिरतही नाही, म्हणून तो नाद सोडा.

पैसे घालायचेच तर ट्रॅकरमध्ये घाला. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे वरच्या हिशोबाने अर्ध्या सेकंदात तारा एक पिक्सेल ओलांडतो. देवयानी आकाशाच्या विषुववृत्तापासून दूर असल्यामुळे तिथले तारे जरा सावकाश सरकतात, इतकाच काय तो फरक. स्काय-वॉचर स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉन स्कायगाइडरसारखा ट्रॅकर कॅमेऱ्याला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या गतीने फिरवतो आणि एक-एक मिनिटाचे फोटो घेता येतात. ट्रॅकर नसेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने दोन-तीन सेकंदांचे तीन-चारशे फोटो घ्या. दीर्घिका त्यातही उमटते, फक्त बारकावे कमी येतात.

बाकी सामान: भक्कम ट्रायपॉड, इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारं रिमोट), दोन जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवरबँक, लाल उजेडाची टॉर्च, चिकटपट्टी आणि लेन्सला गुंडाळायची यूएसबीवर चालणारी गरम पट्टी. ही पट्टी का लागते, ते जागेबरोबरच कळेल.

जागा

तापीच्या उत्तरेला, चोपडा-यावल-रावेरच्या बाजूने सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात तर जळगाव-भुसावळचा उजेड तुमच्या पाठीशी, दक्षिणेला राहतो आणि उत्तरेचं आकाश काळं मिळतं. देवयानी, शर्मिष्ठा, ययाती यांच्यासाठी हीच बाजू चांगली. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला उलटं आहे. तिथे गावाचा उजेड उत्तरेकडे आणि दक्षिणेला गौताळ्याचे डोंगर, म्हणून धनु-वृश्चिकातले तेजोमेघ तिथून घ्यावेत. याच पाटण्याला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता आणि त्याबद्दलचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. ग्रहगणित शिकवणाऱ्या गावातून आकाश टिपताना मला दर वेळी वेगळाच आनंद होतो. तोरणमाळ हजार मीटरांहून उंच आहे, तिथे हवेतली धूळ खाली राहते. पण थंडी कडक असते आणि मुक्कामाची सोय आधी बघावी लागते. अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. शेतात बसणार असाल तर एकटे जाऊ नका, बिबट्याचा वावर या पट्ट्यात आहेच.

सातपुड्याला अगदी खेटूनही बसू नका. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर असतो. समोर एक किलोमीटरवर तीनशे मीटरचा डोंगर असेल तर तो १७ अंश खातो, वर झाडं आली की ध्रुव गेलाच. दिवसा जाऊन उत्तर बाजू मोकळी आहे का, ते बघून ठेवा.

केळीच्या बागेपासूनही लांब राहा. रावेरकडे एका बागेच्या बांधावर मी मांडणी केली होती, जागा अंधारी होती म्हणून. साडेअकरानंतरचे फोटो हळूहळू मऊ होत गेले. आधी मोठ्या ताऱ्यांभोवती कडी आली, मग बारीक तारे दिसेनासे झाले. लेन्सवर टॉर्च टाकली तेव्हा काचेवर दव बसलेलं दिसलं. पाणी दिलेल्या बागेतली हवा ओली असते, त्यामुळे काच जराशी थंड होताच ओलावते. त्या रात्रीचे अर्ध्याहून जास्त फोटो टाकून द्यावे लागले. तेव्हापासून गरम पट्टी पहिल्या फोटोच्या आधीच सुरू करतो आणि वेचणी झालेल्या कोरड्या कपाशीच्या रानात बसतो.

शेजारच्या मळ्यातल्या माणसाशी संध्याकाळीच बोलून घ्या. "आप्पा, बारा वाजेपर्यंत विहिरीवरचा लाइट बंद ठेवता का?" एवढं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट बघायला येतात. हे भरीत पार्ट्यांचे दिवस. जवळच्या रानात वांगी भाजायला जाळ पेटलेला असेल, तर धूर कुठल्या दिशेने येतोय ते बघून वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा.

रात्रीचं काम

ट्रायपॉड पाय फार न लांबवता, जमिनीशी घट्ट रोवा. ट्रॅकरचा उंचीचा काटा तुमच्या अक्षांशावर ठेवा: जळगाव-धुळ्याला २१, तोरणमाळला २२ च्या जवळ, चाळीसगावला साडेवीस. मग ट्रॅकरमधल्या छोट्या ध्रुवदुर्बिणीतून ध्रुवतारा शोधा. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नसतो, सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला असतो. त्या वेळी तो ध्रुवदुर्बिणीतल्या तबकडीवर कुठे हवा, ते मोबाइलवरचं ॲप सांगतं. या कामाला दहा मिनिटं द्या. इथे केलेली घाई रात्रभरच्या प्रत्येक फोटोत लांबट ताऱ्यांच्या रूपाने दिसते.

फोकससाठी एखादा तेजस्वी तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा आणि तो सगळ्यात लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. बाहतिनोव्ह मास्क (फोकससाठी लेन्ससमोर लावायची खाचांची चकती) असेल तर मधली रेघ बरोबर मध्यावर आणा. मग रिंगला चिकटपट्टी लावा. रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा.

आता देवयानी. भाद्रपदांच्या चौकोनाचा ईशान्य कोपऱ्यातला तारा धरा. तिथून ययातीकडे जाणाऱ्या रांगेतला दुसरा ठळक तारा गाठा आणि मग काटकोनात वळून शर्मिष्ठेकडे दोन फिकट तारे चढा. दुसऱ्याच्या शेजारीच दीर्घिका आहे. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपमध्ये आधी बघून ठेवलंत तर अंधारात चाचपडावं लागणार नाही. दहा सेकंदांचा एक फोटो काढून ती चौकटीच्या मध्यावर आणा.

लेन्स एफ २.८, आयएसओ ८०० ते १६००, एक्सपोजर ६० सेकंद. फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. डोंगर डाव्या काठापासून सुटलेला आणि पाव ते एक-तृतीयांशाच्या दरम्यान असावा. काठाला चिकटला असेल तर वेळ वाढवा, मध्यावर गेला असेल तर कमी करा. इंटरव्हलोमीटरवर १२० फोटो लावून द्या. दर पंधरा-वीस फोटोंनी चौकट चार-सहा पिक्सेल इकडेतिकडे सरकवा. सेन्सरच्या खुणा एकाच जागी साठून पट्टे उमटतात, ते यामुळे टळतं. संख्या का लागते? फोटो जितके जास्त तितका खरा उजेड ठळक होतो आणि गोंगाट (नॉइज, म्हणजे दाणेदारपणा) त्याच्या मानाने घटतो. हा फायदा वर्गमुळाच्या हिशोबाने मिळतो: १०० फोटोंनी दहापट, २५ फोटोंनी पाचपट.

सोबतचे फोटो

हे बहुतेक जण टाळतात आणि पुढे पस्तावतात. तीन संच लागतात.

डार्क: लेन्सला टोपी लावून, तोच आयएसओ, तेच ६० सेकंद, २५-३० फोटो. सेन्सर स्वतःच्या उष्णतेने जे ठिपके उमटवतो, ते यातून कळतात. दर सहा-सात अंशांना ही उष्णतेची खूण साधारण दुप्पट होते. पहिल्या वर्षी थकून मी घरी आलो आणि डार्क दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत घेतले. रानात १३ अंश होते, खोलीत ३० च्या वर. म्हणजे ठिपके सहा-आठपट जास्त. ते वजा केल्यावर आकाशभर काळ्या टिचक्या पडल्या, फोटो होता त्याहून वाईट झाला. खान्देशात दिवस-रात्रीच्या तापमानात एवढं अंतर असतं, म्हणून डार्क त्याच रानात, त्याच रात्री, शेवटचा फोटो झाल्या झाल्या घ्या.

फ्लॅट: लेन्सवर पांढऱ्या सुती कापडाची ताणलेली एक घडी, वर पहाटेचं एकसारखं आकाश. फोकस, एफ आकडा, आयएसओ काही बदलायचं नाही. हिस्टोग्राम मध्यावर येईल असे २५ फोटो. यातून लेन्सच्या कडांचा अंधार आणि सेन्सरवरची धूळ निघते. आपल्या रस्त्यांवरून आलेल्या कॅमेऱ्यात धूळ असतेच. मध्यरात्रीच आवरायचं असेल तर लॅपटॉपचा पांढरा पडदा लेन्ससमोर धरा.

बायस: टोपी लावून सगळ्यात कमी वेळेचे ५० फोटो. दोन मिनिटांचं काम.

कॉम्प्युटरवर

सिरिल फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. डीप स्काय स्टॅकरही चांगलं आणि फुकट आहे, पण सिरिलमध्ये शेवटपर्यंतचं काम एकाच ठिकाणी होतं, म्हणून मी तेच सांगेन. एका फोल्डरमध्ये चार उपफोल्डर करा: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि अशीच अनेकवचनी हवीत, नाहीतर स्क्रिप्ट थांबते. आधी लाइट्स, म्हणजे देवयानीचे मूळ फोटो, एकेक करून चाळा. ढग, दव, लांबट तारे आलेले काढून टाका. मग रंगीत कॅमेऱ्याची प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. ती सगळ्या फोटोंतून डार्क वजा करते, फ्लॅटने भागते, तारे एकमेकांवर बसवते आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक फाइल देते. एखाद्याच फोटोत आलेल्या विमानाच्या नि उपग्रहाच्या रेघा या जुळणीतच गळून पडतात.

उघडलेली फाइल जवळजवळ काळी दिसेल. घाबरू नका. खाली ऑटोस्ट्रेच निवडा, फक्त बघण्यापुरतं, आणि दीर्घिका समोर येईल. फाटक्या कडा कापा. मग पार्श्वभूमीचा चढउतार काढा. भुसावळकडच्या उजेडाने एक कोपरा तांबूस झालेला असतो, तो यातून जातो. सिरिलमधलं साधन वापरताना नमुन्याचे चौकोन दीर्घिकेवर ठेवू नका, तिच्या फिकट कडाच वजा होतील. ग्रॅक्सपर्ट हे फुकट सॉफ्टवेअर हे काम अधिक हळुवार करतं. पुढे प्लेट सॉल्व्ह करून (फोटोतले तारे ताऱ्यांच्या नकाशाशी ओळखवून) रंग जुळवून घ्या. यात ताऱ्यांचे मोजलेले रंग घेऊन फोटोचे रंग लावले जातात, म्हणून अंदाजाने स्लायडर हलवण्यापेक्षा यावर विश्वास ठेवा. हिरवट झाक राहिली तर हिरवा गोंगाट काढण्याचं बटण एकदा.

इथपर्यंत डोळ्यांना अंधारच दाखवणारी फाइल आता खरोखर उजळायची, म्हणजे स्ट्रेच करायची. इथे घाई करू नका. आधी थोडा असाइन्ह स्ट्रेच, त्याने ताऱ्यांचे रंग टिकतात. मग हायपरबोलिक स्ट्रेच तीन-चार वेळा, दर वेळी थोडा थोडा. नजर दोन ठिकाणी ठेवा: गाभा पांढरा फटक होऊ देऊ नका, आणि पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका. २५५ पैकी २०-२५ वर ती राहिली तर दीर्घिकेच्या बाहेरच्या पुसट कडा जिवंत राहतात. तारे फारच डोळ्यांत येत असतील तर स्टारनेट या सॉफ्टवेअरने ते वेगळे करा, दीर्घिकेवर काम करा आणि तारे जरा मंद करून परत बसवा. सोळा बिटांची टिफ फाइल काढून गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये रंगांची शेवटची संपृक्तता द्या. गाभ्याशी पिवळसर, वळशांवर निळसर, मध्ये धुळीच्या काळ्या रेघा, असं दिसू लागलं की थांबा. बारकावे आपोआप घडवून देणारी साधनं मी वापरत नाही. जो उजेड माझ्या सेन्सरवर पडलाच नाही, तो फोटोत आणणं मला पटत नाही.

रॉ फाइली पुसू नका. मार्गशीर्ष अमावास्येला अंधार पडताच देवयानी जवळजवळ माथ्यावर असते आणि चार तास हाताशी मिळतात. तीच लेन्स, तीच चौकट ठेवून आणखी १२० फोटो घ्या, त्या रात्रीचे डार्क नि फ्लॅट वेगळे घ्या, दोन्ही रात्री आपापल्या सोबतच्या फोटोंनी दुरुस्त करा आणि मग सगळे एकत्र स्टॅक करा, म्हणजे एकमेकांवर बसवून त्यांची एक फाइल करा. पहिल्या फोटोत नुसती शंका येत होती ती बाहेरची फिकट कड या वेळी पडद्यावर स्पष्ट दिसेल.