शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) न सोडता रक्तातली साखर आवरायची कशी?

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आढळलं ते गोव्यात: 26.4 टक्के. ही बातमी वाचून अनेकांनी भातच बंद केला आणि महिन्याभरात पुन्हा सुरू केला. भात सोडायची गरज नसते. तो किती, कशाबरोबर आणि कधी खायचा, हे बदलावं लागतं.

मधुमेहाच्या आधी सहसा दिसणाऱ्या इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून वेळ निभावतं, म्हणून उपाशीपोटीचा रिपोर्ट कित्येक वर्षं नॉर्मल येऊ शकतो. कर्बोदकं एका वेळी जितकी जास्त आणि जितक्या लवकर पचतील, तितका हा ताण वाढतो. अन्नातले विरघळणारे तंतू (फायबर) आतड्यात बुळबुळीत होऊन साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू याच तंतूंपासून जी आम्लं बनवतात, तीही इन्सुलिनच्या कामाला मदत करतात.

सुरुवात मोजण्यापासून करा. शिजलेला भात वजनकाट्यावर 150 ग्रॅम घ्या. त्यात साधारण 40 ते 45 ग्रॅम कर्बोदकं असतात. तो कुठल्या वाटीत किती भरतो ते एकदा बघून ठेवलं की रोज काटा लागत नाही. उकडा तांदूळ पॉलिशच्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा सहसा सावकाश पचतो, पण उकडा म्हणून दुप्पट वाढून घेतला तर फायदा गेलाच.

माणशी 50 ग्रॅम सुके आळसांदे (गोव्याकडची चवळी) रात्रभर भिजवा, पाणी फेकून शिजवा. यातून सुमारे 5 ग्रॅम तंतू मिळतात. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम हवेत. त्यांचं तोंडाक (रस्सा) वाढताना दाणे घ्या. नुसता रस भातावर ओतला तर तंतू पातेल्यातच राहतात. जेवताना आधी तांबडी भाजी (लाल माठ), मग आळसांदे आणि मासळी, भात शेवटी. पदार्थ तेच, फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवल्यावर 10-15 मिनिटं चाला.

पेज हलकी म्हणून बिनधास्त प्यायली जाते. पण मऊ शिजलेलं शीत भराभर पचतं, आणि सोबत लोणचं किंवा सुकी मासळी असली तरी तंतू जवळजवळ नसतातच. तिच्याबरोबर वाटीभर कुळथाची उसळ घ्या. नाचणी तंतूंची असली तरी बारीक पिठाचं पातळ, गूळ घातलेलं आंबील साखर चटकन चढवतं. पोय (गोव्याचा कोंड्याचा पाव) मोडून आत बघा: कोंडा फक्त वर भुरभुरलेला असेल आणि आतून पांढरी असेल, तर तो मैद्याचा पावच.

तंतू दर आठवड्याला 5 ग्रॅमनेच वाढवा, पाणीही वाढवा. एकदम वाढवले की पोट फुगतं आणि लोक तिथेच सोडून देतात.

ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर 2 तासांनी मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या. तोच डोस ठेवून भात अर्धा केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कडधान्यांचं प्रमाणही डॉक्टरांनाच विचारावं.