इरिओमोतेला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

जपानमधल्या ओकिनावात शिकायला किंवा नोकरीला आलेला प्रत्येक नवा मराठी माणूस पहिल्या लांब सुट्टीत एकच प्रश्न विचारतो: इरिओमोते बेटावरची ती कयाक (वल्ह्याची चिंचोळी होडी) आणि स्नॉर्कलिंगची (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत तरंगण्याची) दिवसभराची सफर करू का? पोहता येत नाही, जपानीही जेमतेम, जमेल का? जमतं. मी इथे सागरी जीवशास्त्र शिकतेय आणि या बेटावर कामासाठीही जाते, मजेसाठीही. पण लोक तिकिटाचा दर बघून तारीख ठरवतात. तारीख ठरवायची ती भरती-ओहोटी आणि वारा बघून.

बेटावर विमानतळ नाही. ओकिनावाची राजधानी नाहा, तिथून विमानाने इशिगाकी बेट आणि मग पाऊण-एक तासाची बोट. बोटी दोन बंदरांना लागतात, उत्तरेला उएहारा आणि दक्षिणेला ओहारा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उएहाराच्या फेऱ्या सर्रास रद्द होतात. मग ओहाराला उतरून बसने अख्खं बेट ओलांडायचं. म्हणून थंडीत जाताना हातात एक दिवस जास्त ठेवा. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, तेव्हाही तेच.

आता भरती. कांदळवनात (मॅन्ग्रोव्हमध्ये) पाणी भरलेलं असेल तर कयाक अगदी चिंचोळ्या फाट्यांत शिरते, फांद्या डोक्याला लागतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मुळं दिसतात, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात. पण कयाक कधीकधी ओढत न्यावी लागते. म्हणून जाणता गाईड सकाळी कयाक आणि दुपारी समुद्र, की उलट, हे भरतीचं कोष्टक बघून ठरवतो. कोकणातल्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. ते गणित इथे वेळ सांगायला चालत नाही. मात्र उधाण (मोठी भरती-ओहोटी) कधी आणि भांग (लहान भरती-ओहोटी) कधी, हे आपल्या दिनदर्शिकेवरूनही कळतं, कारण चंद्र तोच. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत-उतरत नाही, नवख्यांना ते सोपं जातं.

कयाक बहुधा दोघांची. मागचा दिशा सांभाळतो, पुढचा ताल धरतो. नवरा-बायको असाल तर हे निघण्याआधीच ठरवून घ्या, भांडण टळतं. वल्हं दंडाच्या जोरावर मारू नका, कमरेतून वळा. नाहीतर पिनाइसारा धबधब्याच्या पायथ्याला पोहोचेपर्यंत खांदे भरून येतील. हा ५५ मीटरचा धबधबा ओकिनावातला सर्वांत उंच. कयाक लावून पुढे जंगलातून चालावं लागतं, तेव्हा चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. पायाला जखम असेल तर गोड्या पाण्यात उतरू नका. लेप्टो (जखमेतून शिरणारा, दूषित पाण्यातला आजार) फक्त आपल्या पावसाळ्यातच होतो असं नाही, यायेयामा भागातही, म्हणजे इशिगाकी-इरिओमोतेच्या या बेटसमूहातही होतो.

वाटेत गाईडला थांबवून मुळं दाखवायला सांगा. बांबूच्या कमानींसारखी आधारमुळं दिसली तर तो यायेयामा-हिरुगी, आपल्या कांदळाचा भाऊबंद. गुडघ्यासारखी वर आलेली मुळं ओहिरुगीची. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळं दिसली तर ती हिरुगी-दामाशीची, म्हणजे आपल्या तिवराची, किंवा मायापुशिकीची. हा मायापुशिकी म्हणजे सोनेरेशिया आल्बा, आपली पांढरी चिप्पी. २०२० मध्ये महाराष्ट्राने जिला राज्य कांदळवृक्ष ठरवलं, तीच. पिवळं पान चाटायला देऊन ‘झाड या पानात मीठ साठवून ते टाकून देतं’ अशी गोष्ट बरेच गाईड रंगवून सांगतात. प्रत्यक्षात मिठाचा हिशेब इतका सरळ नाही. मुळंच बरंचसं मीठ बाहेर अडवतात. ऐकून घ्या, वाद घालू नका.

जेवणाचं आधी बोला. सफरीत बहुतेक वेळा यायेयामा सोबा (रश्शातल्या शेवया) मिळते आणि तिचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. ‘मांस नको’ म्हटलं तर वरचे तुकडे काढतील, रस्सा तोच राहील. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर घ्या.

स्नॉर्कलिंग बऱ्याचदा उएहारासमोरच्या बारासु बेटाजवळ होतं. हे बेट म्हणजे नुसता पोवळ्यांच्या (कोरलच्या) तुकड्यांचा ढीग, लाटांनुसार आकार बदलणारा. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट काढू नका आणि गाईडची दोरी किंवा रिंग धरा. मास्क मिशीवर नीट बसत नाही, पाणी झिरपतं. मिशीवाल्यांनी थोडं व्हॅसलीन लावावं. पाणी आलंच तर मास्कची वरची कड दाबून वर बघा आणि नाकाने फुंकर मारा. हे किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात चार-पाच वेळा करून बघा. खोल पाण्यात पहिल्यांदा करायला गेलात तर नळीतून श्वास घ्यायचाच विसराल. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोशाख बरा. पोवळ्यांनाही त्रास नाही आणि उन्हाळ्यात हाबु-कुरागे नावाच्या विषारी जेलीफिशपासूनही बचाव होतो. २०१६ मध्ये इथली पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली होती. म्हणून सगळीकडे रंगीबेरंगी बागच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही पट्ट्यांत नवी वाढ छान आहे, काही पट्टे अजून भकास आहेत. पोवळ्यांवर उभं राहू नका, एवढं पाळा.

गाईड निवडताना ताकेतोमी नगराचा (हे बेट ज्या नगरपालिकेत येतं तिचा) परवाना आहे का, ते विचारा. तो इथे सक्तीचा आहे. एका गाईडमागे किती माणसं, तेही विचारा. २०२१ मध्ये बेट जागतिक वारसा यादीत आल्यापासून गर्दीवर मर्यादा घालायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे पिनाइसारासारख्या जागांसाठी आगाऊ नोंदणी लागते. संध्याकाळी भाड्याच्या गाडीने फिरणार असाल तर ताशी ४० किलोमीटरचं बंधन पाळा. रस्त्यावर यामानेको, म्हणजे फक्त याच बेटावर असलेलं रानमांजर, गाडीखाली येतं आणि ती जेमतेम शंभरच्या आसपास उरली आहेत.

आणि माझ्यासारखं शिकायला किंवा गाईड व्हायला येत असाल तर पहिल्या खेपेला साधे पर्यटक म्हणूनच जा. गाईड घोळक्यातल्या सर्वांत घाबरलेल्या माणसाला कुठे बसवतो, तेवढं बघा. खाली पडलेली कांदळाची शेंग मात्र खिशात टाकू नका. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि नमुने घ्यायला आधी परवानगी काढावी लागते.